पॅडलवरचा पाय

मेस्त्रींचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी जॅक घसरून गाडी पायावर आली होती. इंजिन उघडतात, फळीवर आडवे होऊन गाडीखाली तासन्‌तास काम करतात, पण ड्रायव्हरच्या सीटवर त्यांना बसता येत नाही. त्यामुळे त्यांच्या गॅरेजात एक पद्धत पडली आहे. ब्रेकचं काम झालं की गाडी ज्याची त्यानेच सीटवर बसायचं, ते सांगतील तसं पॅडल दाबायचं आणि शेवटी पॅडल कसं लागतंय ते सांगायचं. गाडीवाला "ठीक आहे" म्हणाला की मेस्त्री गाडी सोडतात.

"रोज चालवणार तुम्ही," ते म्हणतात. "तुमच्या पायाला काय वाटतं ते सांगा. माझा पाय नुसता शोभेला आहे."

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. चौदा वर्षं मुलांची प्रॅक्टिकल्स घेते आहे. काही मोजलं की लगेच लिहून ठेवायचं, ही सवय मला कॉलेजात लागली आणि तीच पुढे नडली.

आमची गाडी अकरा वर्षांची. मागच्या वर्षी एका लांबलचक उतारावरून येताना तिच्या पुढच्या चाकांमधून जळका वास आला. पॅडल पायाखाली घट्ट लागत होतं, पण गाडीचा वेग हवा तसा कमी होत नव्हता. ब्रेक तापले होते. मी गाडी कडेला घेतली आणि आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई, अर्धा तास दगडावर बसून राहिलो.

"विकून टाकू," नवरा म्हणाला.

"गाडी चांगली आहे. ब्रेक लहान आहेत," मी म्हणाले.

"बसव बाई मोठे," सासूबाई म्हणाल्या. "आणि एक जोडी जास्तीची आण. याच्या तोंडाला."

मी महिनाभर वाचन केलं. याच गाडीच्या महागड्या मॉडेलला पुढे मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर येतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. आमच्या कॅलिपरचा पिस्टन अठ्ठेचाळीस मिलिमीटरचा होता, त्यांचा चोपन्नचा. क्षेत्रफळ सत्तावीस टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तेवढ्याच दाबाला पकड तेवढी वाढते. डिस्क मोठी असल्यामुळे ती तापते उशिरा आणि निवते लवकर. बोल्टांची भोकं तीच होती आणि आमच्या चाकाच्या आत सगळं मावत होतं. हे सगळं मी वहीत आकृतीसकट मांडलं आणि वही मेस्त्रींकडे नेली.

त्यांनी हात पुसले, वही लांब धरून नीट वाचली, एका आकड्यावर काळं बोट ठेवलं.

"मॅडम, पिस्टन मोठा म्हणजे त्याला ढकलायला तेल जास्त. पॅडल आधीपेक्षा थोडं खाली जाणार. ते धरलंय का?"

मी ते धरलं नव्हतं. घरी येऊन हिशेब केला. पॅडल जेमतेम एक-दीड सेंटीमीटर जास्त खाली जायला हवं होतं. तेही मी वहीत लिहिलं.

"हिशेब तुमचा, हात माझे," ते म्हणाले. "बसवू."

शनिवारी दुपारी मी गाडी घेऊन गेले. मेस्त्रींनी जुने कॅलिपर काढले, नवे बसवले, आणि मग एअर काढायचं काम आलं. ब्रेकच्या नळ्यांमध्ये तेल भरलेलं असतं. तेल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो. हवा आकसते. नळीत हवा राहिली तर पायाचा जोर त्या हवेलाच आवळण्यात जातो. म्हणून नवं काही बसवलं की आत शिरलेली हवा बाहेर काढावी लागते. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने कॅलिपरवरचा छोटा बोल्ट, ज्याला गॅरेजात निपल म्हणतात, तो सैल करायचा. तेल आणि हवा बाहेर येते. निपल पुन्हा आवळला की मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा बाहेर येण्याऐवजी उलटी आत ओढली जाते.

मी हा धडा दर वर्षी शिकवते.

"दाब," मेस्त्री चाकापाशी बुटक्या स्टुलावर, पाय लांब करून बसले होते, तिथून म्हणायचे.

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

निपल सैल व्हायचा, पॅडल पायाखाली हळूहळू बुडायचं.

"सोड."

मी पाय उचलायचे. मागची दोन चाकं झाली, पुढचं डावं झालं. काम करताना ते मॅडम-बिडम विसरून सरळ एकेरीवर येत होते. मला ते आवडत होतं.

"तुमच्यासारखा पाय नाही बघितला," मधे थांबून ते म्हणाले. "माणसं गडबड करतात. माझी बायको एकदा बसली होती, 'धर' म्हटलं तर म्हणते, अजून किती धरू, घरी कुकर लावलाय."

मी हसले. खरं म्हणजे फुलून गेले. आयुष्यात अनेक परीक्षांमध्ये पहिली आले, पण एवढं समाधान क्वचित वाटलं असेल.

शेवटचं चाक पुढचं उजवं. बाटलीतलं नवं तेल संपत आलं होतं. घाण तेलाचा डबा भरला म्हणून मेस्त्रींनी तो ओतून दिला होता, निपलला लावलेल्या नळीचं टोक रिकाम्या डब्यात लोंबत होतं. मी प्रत्येक चाकाला किती वेळा दाबलं ते वहीत लिहीत होते. वही शेजारच्या सीटवर, तिच्यावर पेन. सातव्या वेळी पॅडल खाली बुडलं आणि पेन घरंगळायला लागलं. मी ते धरायला वाकले. शरीर डावीकडे झुकलं आणि उजवा पाय वर आला.

किती आला ते मला सांगता येत नाही. पूर्ण आला असावा. एखादा सेकंद. लगेच मी पुन्हा दाबलं.

"पाय खाली ना?" चाकामागून आवाज आला.

"खाली," मी म्हणाले.

त्यांनी निपल आवळला.

"बस. झालं. दाबून बघा."

मी दाबलं. पॅडल दीड सेंटीमीटरपेक्षा बरंच खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबलं तर वर आलं, तिसऱ्यांदा घट्ट लागलं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, मेस्त्री, माझा पाय सुटला. पण बाटलीत तेल उरलं नव्हतं, सुट्या भागांचं दुकान बंद व्हायची वेळ झाली होती, आणि ते नुकतेच म्हणाले होते की तुमच्यासारखा पाय नाही बघितला. मी कारण शोधलं. पिस्टन मोठा आहे, पॅडल खाली जाणारच, ते तर त्यांनीच सांगितलं होतं. माझा हिशेब थोडा चुकला असेल. विज्ञान शिकलेल्या माणसाला हवं ते कारण फार पटकन सापडतं.

"कसं आहे?" मेस्त्रींनी विचारलं.

"घट्ट," मी म्हणाले.

पुढचे आठ दिवस मी गाडी चालवली. ब्रेक छान लागत होते. हे मी सगळ्यांना सांगितलंसुद्धा, स्टाफरूममध्ये वही दाखवली. एका गोष्टीकडे मी बघितलं नाही. बघितलं नाही असं म्हणते, पण पायाला ती माहीत होती. मी प्रत्येक वेळी ब्रेक दोनदा दाबत होते. एकदा हलकेच, मग जोरात. दुसऱ्या दिवसापासून ती सवयच झाली.

ही सवय मी कोणाला सांगितली नाही.

नवव्या दिवशी नवऱ्याने गाडी नेली. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दवाखान्याचा रस्ता उतरतो आणि शाळेच्या मैदानाच्या दगडी भिंतीपाशी काटकोनात वळतो. त्याने वळणाआधी ब्रेक दाबला. एकदाच, जसा सगळे दाबतात. ब्रेक फेल झाले नव्हते, ते अपुरे लागले आणि उशिरा लागले. गाडी भिंतीवर आदळली तेव्हा वेग फारसा नव्हता. बंपर आणि एक दिवा गेला. सासूबाईंनी घाबरून उजवा हात पुढे टेकवला. मनगटाची दोन हाडं मोडली.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये नवरा पांढराफटक पडून बसला होता.

"पॅडल खाली गेलं. एकदम खाली."

"पुन्हा दाबलंस?" मी विचारलं.

माझ्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला. आईंचा हात कसा आहे, तुला कुठे लागलं का, हे नंतर.

"पुन्हा? पुन्हा दाबायला वेळ तर पाहिजे!" तो माझ्याकडे बघत राहिला. "बाई, इथे तरी प्रॅक्टिकल घेऊ नकोस."

त्याला वाटलं, मी सवयीने विचारलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सेकंदकाटा अडखळत चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅरेजात गेला. मी बरोबर गेले. त्याला आवरायला जाते आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. मेस्त्री रॉकेलच्या थाळीत कसलेसे भाग धूत होते. एक टेम्पोवाला चहा पीत उभा होता, शेजारचा टायरवाला होता, आणखी दोघं गिऱ्हाईकं होती. नवऱ्याने सुरुवात "तुम्ही"ने केली.

"तुम्ही ब्रेक केलेत की खेळ केलात? नऊ दिवस! नऊ दिवस नाही टिकले."

मेस्त्री उठले. उठायला त्यांना वेळ लागतो, आधी हात टेकावा लागतो. नवरा तोपर्यंत थांबला नाही.

"माझ्या आईचा हात मोडलाय. अरे, जमत नसेल तर सांगायचं. माणसांच्या जिवाशी खेळतोस तू?"

माझा नवरा रिक्षावाल्यालासुद्धा अहो म्हणतो. त्याच्या तोंडून वडिलांच्या वयाच्या माणसासाठी "तू" आलं तेव्हा टायरवाल्याने मान खाली घातली. मेस्त्रींनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे वळले. त्यांच्या हातातून रॉकेल ठिबकत होतं.

"मॅडम, पॅडलवर तुम्हीच होतात. घट्ट होतं ना?"

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. मला ते साक्षीदार समजत होते.

"तेव्हा तरी तसं वाटलं होतं," मी म्हणाले.

या वाक्यात शब्दशः खोटं काही नाही, असं मी परतीच्या वाटेवर बऱ्याच वेळा तपासलं. विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये असं वाक्य आलं की मी त्याखाली लाल रेघ मारते.

"मग माझंच काहीतरी राहिलं असणार," मेस्त्री म्हणाले. टेम्पोवाल्याने चहाचा कप खाली ठेवला, आवाज न करता.

नवऱ्याने इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं की या गॅरेजात ब्रेकचं काम करू नका. खाली सत्तावीस जणांनी आभार मानले. गाडी आमच्या जागेवर झाकून ठेवली. मेस्त्रींना हात लावू द्यायचा नाही आणि दुसरीकडे नेण्याइतकं कोणाचं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून ती तशीच राहिली. मी बसने कॉलेजला जायला लागले.

सासूबाईंचं सगळं मी करत होते. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्यांना भरवायचं, कपडे बदलायचे, केस विंचरून वेणी घालायची. त्यांचे केस अजून लांब आहेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. मी तेल लावून, भांग सरळ पाडून, घट्ट वेणी घालायचे. समाचाराला येणाऱ्या बायकांना त्या डोकं वळवून वेणी दाखवायच्या.

"बघा. पोटच्या पोरीने केलं नसतं. कॉलेजात शिकवते, पण घरी आल्यावर आधी माझं डोकं हातात घेते."

मी मागे उभी असायचे, हातात कंगवा. त्यांना माझा चेहरा दिसत नसे.

पाचव्या आठवड्यात एके सकाळी बस गॅरेजासमोर सिग्नलला थांबली. गॅरेजाच्या शटरवर निळ्या रंगात हाताने रंगवलेली पाटी आहे: इंजिन, क्लच, ब्रेक, गिअर. त्यातला तिसरा शब्द दिसत नव्हता. त्या जागी करड्या प्रायमरचा एक चौकोन होता. नीट, कडा सरळ ठेवून मारलेला. रागाच्या भरात कोणी कडा इतक्या सरळ ठेवत नाही. म्हणजे हे त्यांनी विचार करून केलं होतं.

बस सुटली. मी पुढच्या थांब्यावर उतरायला हवं होतं. मी कॉलेजपर्यंत गेले, दोन तास घेतले, मुलांना द्रवाच्या दाबावर चार गणितं घातली. मग दुपारी गॅरेजात गेले. त्या वेळेला तिथे कोणी नसतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच ती वेळ निवडली.

मेस्त्री डबा खाऊन बाकावर बसले होते. मी उभ्यानेच बोलले.

"मेस्त्री, त्या दिवशी माझा पाय सुटला होता. तुम्ही 'खाली ना' विचारलंत तेव्हा मी पुन्हा दाबला होता. आणि पॅडल घट्ट नव्हतं. मला कळलं होतं."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग विचारलं, "कुठलं चाक?"

"पुढचं उजवं. सहाव्यांदा की सातव्यांदा, वहीत आहे…"

"सातव्यांदा," ते म्हणाले. "सातव्या वेळी निपलपाशी तेल मागे गेल्यासारखं वाटलं होतं मला. म्हणून तर विचारलं. तुम्ही खाली म्हणालात, म्हटलं आपल्यालाच भास झाला."

त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडमीट केली आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"पाच आठवडे मी हेच धरून चाललोय की माझी बोटं गेली. आवळलेलं कळत नाही, न आवळलेलं कळत नाही. चष्मा बदलून आणला. बायकोला म्हटलं, आता ब्रेक नको, दुसरं काहीही करू, पण ब्रेक नको. माणसं मरतील."

"मी चुकले," मी म्हणाले. हे वाक्य इतकं लहान वाटलं की ते म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

"साहेबांना सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग मला आधी का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढलेला नव्हता. "मी तुम्हाला काय करणार, म्हणून?"

उत्तर तेच होतं. मी सर्वात सोप्या माणसापासून सुरुवात केली होती, आणि त्यासाठीही कोणी नसेल अशी वेळ शोधली होती.

"त्या दिवशी इथे चौघं उभे होते," एवढंच ते म्हणाले आणि डब्याची झाकणं लावायला लागले.

संध्याकाळी मी घरी सांगितलं. नवरा जेवणाच्या टेबलापाशी होता, सासूबाई खुर्चीत, प्लास्टरचा हात उशीवर. मी पेनपासून सुरुवात केली आणि दोनदा दाबण्याच्या सवयीपर्यंत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. सांगताना माझा आवाज वर्गात बोलते तसा येत होता आणि तो मला बदलता येत नव्हता.

नवरा ओरडला नाही. ओरडेल अशी माझी तयारी होती, त्यामुळे शांततेचं काय करायचं ते कळेना.

"दवाखान्यात तू विचारलंस," तो शेवटी म्हणाला, "पुन्हा दाबलंस का म्हणून."

"हो."

"तुला तेव्हाच माहीत होतं."

"हो."

"आणि मी त्या माणसाला अरे-तुरे केलं. तुझ्यासमोर. तू शेजारी उभी होतीस." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तू शेजारी उभी होतीस गं."

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. हे त्यांच्या बाबतीत क्वचित घडतं.

"म्हणजे ती वेणी," त्या म्हणाल्या, "ती याच्यासाठी होती."

मी त्यांच्या हाताखालची उशी सारखी केली.

"आणि मी गावभर सांगत सुटले, सून गुणाची म्हणून. शेजारणीपुढे तर तुझं इतकं कौतुक केलं की ती भांडायला उठली." त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळाने तिकडेच बघत म्हणाल्या, "उद्या घालणार आहेस का, की संपलं तुझं प्रायश्चित्त?"

"घालते."

"घाल. पण घट्ट नको घालूस एवढी. पाच आठवडे डोकं ठणकतंय माझं. सून प्रेमाने घालतेय म्हणून गप्प बसले."

शनिवारी सकाळी आम्ही टोइंगवाल्याला बोलावलं आणि गाडी गॅरेजात नेली. शनिवारी सकाळी तिथे गर्दी असते. टायरवाला होता. टेम्पोवालाही होता, टेम्पो दुरुस्तीला नव्हता, नुसता चहाला आला होता. त्या दिवशीच्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकच होतं, दुसऱ्याला मी कधीच शोधू शकले नाही. ते अजून बाहेर कुठेतरी मेस्त्रींबद्दल तेच सांगत असणार.

नवरा आधी पुढे झाला. "मेस्त्री, मी तुम्हाला त्या दिवशी फार वाईट बोललो. तुमची चूक नव्हती." त्याने "तुम्ही" हा शब्द जरा जास्तच स्पष्ट उच्चारला. मग तो बाजूला सरकला. पुढचं माझं होतं.

प्रयोगाचा निष्कर्ष तीन ओळींत लिहावा, असं मी मुलांना सांगते. मी तसंच सांगितलं. पॅडलवर मी होते. निपल उघडा असताना माझा पाय सुटला आणि विचारल्यावर मी 'खाली' म्हणाले. नंतर पॅडल मऊ लागत होतं आणि मी घट्ट म्हणाले. मेस्त्रींच्या कामात काही चूक नव्हती.

टायरवाला माझ्या चपलांकडे बघत होता.

"म्हणजे मेस्त्रीचं काहीच नव्हतं?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"काहीच नाही."

"अरे देवा! आणि मी माझ्या टेम्पोचे ब्रेक त्या चौकातल्याकडे करून आलो. दाबला की असा ओरडतो, लोक वळून बघतात, वाटतं कोणी चिरडलं की काय." तो मेस्त्रींकडे वळला. "करणार का पुन्हा?"

"बघू," मेस्त्री म्हणाले. त्यांनी स्टूल ओढून उजव्या चाकापाशी घेतलं. "साहेब, तुम्ही बसा सीटवर. मॅडम, तुम्ही इकडे या. डबा धरा."

मी खाली बसून डबा धरला. या वेळी त्यात तळाशी तेल होतं आणि नळीचं टोक तेलात बुडालेलं होतं. नळी पारदर्शक होती.

"दाब," मेस्त्री म्हणाले, मग सावरून, "दाबा साहेब. धरा."

"धरलंय," नवऱ्याचा आवाज आला.

निपल सैल झाला. आधी काळपट तेल आलं आणि त्यामागून हवा. लांबट बुडबुडे, एकामागून एक, नळीतून माझ्या हाताकडे सरकत आले आणि डब्यात फुटले. दुसऱ्या वेळीही आले. तिसऱ्या वेळी बारीक होते, मोहरीएवढे. चौथ्या वेळी नळी स्वच्छ होती. माझ्या अंदाजाने सगळी मिळून तीन मिलिलिटर हवा. चहाचा चमचाही भरला नसता.

मेस्त्रींनी ते पाहिलं. त्यांनी आणखी चार वेळा एअर काढली, मग बाकीच्या तीन चाकांची काढली. तोवर टेम्पोवाल्याचा दुसरा चहा झाला होता.

"मॅडम, बसून बघा."

नवरा उतरला, मी बसले. पॅडल दाबलं. थोडंसं खाली जाऊन ते थांबलं. पुन्हा दाबलं, तिथेच थांबलं. हाच तो दीड सेंटीमीटर. माझा हिशेब बरोबर होता.

"कसं आहे?"

"घट्ट," मी म्हणाले.

मेस्त्री गाडीच्या दारापाशी उभे होते. पूर्वी ते इथे मान हलवून फडक्याला हात पुसायला लागत. आज ते हलले नाहीत.

"जरा उतरता?"

मी उतरले. त्यांनी दार पूर्ण उघडलं, वाकत नसलेला पाय मागे ताणला, एका हाताने सीटची कड धरून आत वाकले. इतक्या खाली वाकायला त्यांना त्रास होत होता, श्वास ऐकू येत होता. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. खांद्यावरचं फडकं ओढून त्यांनी आधी पॅडल पुसलं, जिथे माझी चप्पल होती तिथे, दोनदा. मग दोन्ही तळवे त्यावर ठेवले आणि अंगाचा भार देऊन दाबलं. धरून ठेवलं. मी नकळत मोजत होते. बारा, तेरा, चौदा.

बाहेर सगळे थांबले होते. टेम्पोवालासुद्धा.

"हं," मेस्त्री आतून म्हणाले, आणि सीटला धरून हळूहळू सरळ व्हायला लागले.